वजन जातं कुठे?

पावसाळ्यात पैठणचा माणूस धरणावर दोन गोष्टी बघायला जातो. पाणी किती आलं, आणि दरवाजे किती उचलले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते की इतके दरवाजे अर्ध्या फुटानं उघडले, नदीकाठच्या गावांनी सावध राहावं. अर्धा फूट म्हणजे वीतभरही नाही. एवढंसं उचलण्यात काय मोठं, असं कुणालाही वाटेल.

एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसा. जायकवाडीच्या सांडव्याला २७ दरवाजे आहेत. प्रत्येक १२.५ मीटर रुंद, ७.९ मीटर उंच. धरणाचा नाथसागर जलाशय काठोकाठ भरला की दरवाजाच्या वरच्या कडेला पाण्याचा दाब जवळजवळ शून्य असतो आणि खाली जाऊ तसा तो वाढत जातो. सरासरी धरून गुणाकार केला की एका दरवाजावरचा आडवा रेटा निघतो साधारण ३९० टन. म्हणजे टनभराच्या ३९० मोटारी एका दरवाजाला खांदा लावून उभ्या आहेत, आणि तरी तो दरवाजा वरचं यंत्र निमूटपणे उचलतं. लालबहादूर शास्त्रींनी १८ ऑक्टोबर १९६५ ला या धरणाची पायाभरणी केली, इंदिरा गांधींनी २४ फेब्रुवारी १९७६ ला लोकार्पण केलं, आणि तेव्हापासून चांगल्या पावसाच्या प्रत्येक वर्षी हा चमत्कार पैठणकरांच्या डोळ्यांदेखत होत आला आहे.

गंमत दरवाजाच्या आकारात आहे. तो सपाट नाही, वर्तुळाच्या तुकड्यासारखा बाक असलेला आहे. त्याचे पोलादी हात नदीच्या बाजूला मागे येतात आणि दोन्हीकडच्या खांबांत रोवलेल्या आसाला मिळतात. पाणी कुठल्याही पृष्ठभागाला काटकोनातच ढकलतं. वर्तुळाच्या कमानीवर काटकोनात काढलेली प्रत्येक रेघ वर्तुळाच्या केंद्रातून जाते, आणि इथे ते केंद्र म्हणजेच तो आस. त्यामुळे सगळाच्या सगळा रेटा आसात, आसातून खांबात आणि खांबातून खालच्या खडकात उतरतो. घराचं दार बिजागरीपाशी कितीही जोरानं ढकला, ते हलत नाही, तसंच हे. वरच्या यंत्राच्या वाट्याला उरतं ते फक्त दरवाजाचं स्वतःचं वजन आणि थोडं घर्षण. ३९० टन पेलायचं काम एकाकडे, उचलायचं काम दुसऱ्याकडे.

हाच प्रश्न घरच्या अंगणात विचारून बघायचा आहे. जॅकवर उचललेल्या मोटारीचं वजन जातं कुठे?

साधी मोटार उचलणं तसं सोपं. अडचण होते ती जमिनीलगत बसलेल्या गाडीची. आता जिल्ह्यात अशा गाड्या काही कमी नाहीत. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, पुढे ऑडीही तिथे आली. ऑक्टोबर २०१० मध्ये छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, एकाच दिवशी १५० मर्सिडीज विकल्या गेल्या आणि देशभर त्याची चर्चा झाली. या जर्मन वळणाच्या गाड्या मुळातच बुटक्या. त्यात हौशी पोरं साध्या गाडीच्याही स्प्रिंगा बदलून किंवा चक्क कापून ‘गाडी लो केली’ म्हणून मिरवतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं ठरवलेली मूळ रचना बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. कायदा बाजूला ठेवला तरी, मला विचाराल तर मराठवाड्यातल्या रस्त्यांवर गाडी खाली बसवणं म्हणजे आपल्या हातानं इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर फोडून घेणं आहे.

इथे स्पीडब्रेकरबद्दल एक आश्चर्य सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा वरचा काप असावा तसा. पुढच्या आणि मागच्या चाकांत २.६ मीटर अंतर असलेली गाडी त्यावर चढली की दोन्ही चाकं त्या उंचवट्यावरच असतात, आणि मधे पोटाखाली रस्ता चाकांपेक्षा जेमतेम ५ सेंमी वर येतो. म्हणजे चांगली बुटकी गाडीही अलगद पार होते. पण गावोगावी रात्रीत उभे राहणारे हातभर रुंदीचे उंचवटे दोन चाकांच्या मधे पूर्ण उंचीनं पोटाला भिडतात. उंची तीच, रुंदी गेली, आणि चेंबरही गेला.

शिवाय गाडी खाली यायला हौसच लागते असं नाही. नाथषष्ठीला आलेले पाहुणे, डिकीत सामान, थकलेल्या स्प्रिंगा आणि वर पंक्चर झालेलं चाक, एवढं जमलं की चांगली उंच गाडीही इतकी खाली येते की जॅक आत जात नाही.

जॅककडे वळू. बाटली जॅक घ्या, छोट्या टेम्पोत सीटखाली पडलेला असतो तो. आत दोन नळकांडी, एक बारीक आणि एक जाड, दोन्हीत तेल. उदाहरणादाखल बारीक दट्ट्या १ सेंमी व्यासाचा आणि जाड ३ सेंमीचा धरू. व्यास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ नऊपट. ब्लेझ पास्कलनं सतराव्या शतकात सांगितलं की बंदिस्त द्रवावर कुठेही दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोहोचतो. हे मांडणारा त्याचा ग्रंथ तो गेल्यावर, १६६३ मध्ये छापला गेला. दाब सारखा आणि क्षेत्रफळ नऊपट, म्हणून बळही नऊपट. त्यात दांड्याची बारापट तरफ घाला. नऊ गुणिले बारा, १०८. मोटारीचा पुढचा कोपरा उचलताना जॅकवर ४५० किलो आले, तर घर्षण सोडून हाताला लागतात फक्त चार-सव्वाचार किलो. शाळकरी पोरगं हे करू शकतं.

हे फुकट मिळत नाही, आणि निसर्गाचा हा हिशेब मला दर वेळी तितकाच मोहवतो. बळ १०८ पट मिळालं तर हाताला अंतरही १०८ पट चालावं लागतं. गाडी १० सेंमी वर घ्यायची तर दांडा वरखाली करताना तुमचा हात खालच्या दिशेनं एकूण पावणेअकरा-अकरा मीटर जातो. एक पैसा कमी नाही, एक पैसा जास्त नाही. सगळं काम तुम्हीच करता, जॅक फक्त ते हप्त्यांत भरू देतो.

त्या वेळी आतल्या तेलाची अवस्था काय असते? ४५० किलो भार सुमारे ७ चौरस सेंटिमीटरवर. दर चौरस सेंटिमीटरला ६४ किलो. तुमच्या टायरमधल्या हवेपेक्षा जवळपास तीसपट दाब. आणि हे सगळं तेल मागे फिरण्यापासून कोण अडवतं? एक पोलादी गोळी, शेंगदाण्याहूनही लहान. दांडा दाबला की तेल गोळीला उचलून पलीकडे जातं; दांडा वर घेतला की पलीकडचंच तेल गोळीला तिच्या बसकणीवर घट्ट दाबून धरतं. ज्याला अडवायचं तोच दार लावून घेतो.

दट्ट्याच्या भोवतीच्या फटीची कथाही अशीच आहे. जोसेफ ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिरानं १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, पण फटीतून पाणी गळत राही. फट घट्ट बुजवावी तर दट्ट्याच अडकायचा. त्याच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेनं यावर चामड्याची वाटीसारखी चकती बसवली असं मानतात. आतला दाब वाढला की वाटीची कड फाकते आणि भिंतीला चिकटते. दाब जास्त तेवढी सील घट्ट, दाब गेला की सैल. आजच्या जॅकमध्ये चामड्याच्या जागी रबर आहे, युक्ती जवळपास तीच.

म्हणजे हायड्रॉलिक जॅकवर उचललेली गाडी उभी असते ती एका गोळीवर, एका रबरी कडीवर आणि गाडी उतरवताना दांड्यानं फिरवायच्या एका स्क्रूवर. गोळीखाली बारीक किटण अडकलं, वर्षानुवर्षं उन्हात पडून रबर कडक झालं, किंवा कुणाचा धक्का लागून स्क्रू अर्धा आटा सैल झाला, की गाडी खाली येते. कधी तासाभरात बोटभर, कधी एका क्षणात सगळी. धरणाच्या दरवाजात उचलणारा वेगळा आणि पेलणारा वेगळा होता. इथे दोन्ही कामं त्या एका गोळीच्या गळ्यात.

एकाच अवयवावर दोन्ही कामं टाकली की काय होतं याचं मोठं उदाहरण शेजारच्या कर्नाटकात घडलं. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुंगभद्रा धरणाच्या १९ क्रमांकाच्या दरवाजाची साखळी तुटली. उचलायचं आणि टांगून धरायचं, दोन्ही कामं त्या साखळीची. दरवाजा वाहून गेला आणि भरत आलेल्या धरणाचं पाणी आठवडाभर वाहत राहिलं. शेवटी वाहत्या पाण्यात एकावर एक पोलादी फळ्या उतरवून ती खिंड बंद करावी लागली. या फळ्यांना स्टॉपलॉग म्हणतात. एरवी धरणांवर दरवाजाची दुरुस्ती करायची असली की त्या आधीच खाचेत सोडतात, आणि मगच माणूस आत उतरतो.

मोटारीचा स्टॉपलॉग म्हणजे जॅक स्टँड. गॅरेजात कुणी नुसतं स्टँड म्हणतं, कुणी घोडी. तीन किंवा चार पायांचा पोलादी टेकू, मधे दात्यांची दांडी, ती हवी तेवढी वर ओढायची आणि खटका अडकवायचा. त्यात तेल नाही, रबर नाही, गोळी नाही. वजन पोलादातून सरळ जमिनीत. जॅकनं गाडी उचलायची, स्टँडवर टेकवायची, आणि मगच तिच्याखाली हात घालायचा.

बुटक्या गाडीला हा टेकू इतरांपेक्षा जास्त का लागतो, ते आकड्यांत बघा. साध्या गाडीच्या पोटाखाली १६-१७ सेंमी जागा असते, खाली बसवलेलीच्या जेमतेम १०. आडवं झोपलेल्या मोठ्या माणसाच्या छातीची जाडी २० सेंमीच्या पुढे. उंच गाडी घसरली तर चेंगरणं आहेच. बुटकी घसरली तर तिथे माणूस मावेल अशी पोकळीच उरत नाही. छाती वर उचलता आली नाही तर श्वास घेता येत नाही, आणि ओरडायलाही श्वासच लागतो. म्हणून घरात दुसरं माणूस नसताना हे काम काढू नये.

आता खरी कसरत. नेहमीचा चाकांचा ट्रॉली जॅक पूर्ण खाली असताना १३-१४ सेंमी उंच असतो. गाडीची कड ११ सेंमीवर. आत जाणारच नाही. मग लोक काय करतात? एक जॅक बंपरला लावून थोडं उचलतात आणि दुसरा आत सारतात. बंपर प्लॅस्टिकचा. तो आधी वाकतो, मग सुटतो. यापेक्षा सोपा आणि शहाणपणाचा मार्ग म्हणजे गाडीलाच आधी वर चढवणं. चार-पाच सेंमी जाडीच्या सागवानी किंवा बाभळीच्या फळ्या चाकांसमोर ठेवायच्या आणि हळूच गाडी त्यांवर घ्यायची. आता कड १५-१६ सेंमीवर आली, जॅक आरामात गेला. फळी चाकापेक्षा रुंद हवी, आणि पुढचं टोक तासून उतरतं केलेलं असलं तर उत्तम. पंक्चर झालेल्या चाकालाही हाच उपाय. रिकाम्या टायरवर हातभर अंतर हळू चालल्यानं फार काही बिघडत नाही.

तयार रॅम्प आणला तर बुटक्या गाडीचा बंपर आधी रॅम्पला लागतो. बंपरची खालची कड जमिनीपासून १२ सेंमी आणि चाक जिथे टेकतं तिथून ८० सेंमी पुढे असेल, तर साडेआठ अंशांहून उभा चढ तिला चालत नाही. २० सेंमी उंच जायचं तर रॅम्प किमान १.३५ मीटर लांब हवा. बाजारातले आखूड रॅम्प उंच गाड्यांसाठी आहेत.

गाडीबरोबर मिळणारा कैचीसारखा जॅक बुटक्या गाडीखाली जातो खरा, पण त्यालाही एक खोड आहे. त्याचे चार हात आडवे पडलेले असताना मधल्या स्क्रूवर सर्वांत जास्त ताण येतो. हात जमिनीशी १५ अंशांत असतील तर स्क्रूवरची ओढ गाडीच्या भाराच्या पावणेचारपट, ४५ अंशांना बरोबर एकपट, ६० अंशांना निम्म्याच्या जरा वर. गाडी जितकी खाली तितका जॅक चपटा, आणि तितकी स्क्रूची परीक्षा अवघड. सुरुवातीच्या फेऱ्या जड जातात त्या म्हणूनच. तिथे दांडा पायानं लाथाडायचा नाही. स्क्रूला ग्रीस लावायचं. या जॅकचा गुणही सांगितला पाहिजे. आट्यांमधलं घर्षण एवढं असतं की भारानं स्क्रू आपोआप उलटा फिरत नाही. तेलाच्या जॅकसारखा तो गळत नाही. पण त्याचा पाया तळहाताएवढा, आणि बाजूनं धक्का लागला की तो आडवा होतो.

ट्रॉली जॅकचं वागणं तर पाहण्यासारखं. त्याचा हात एका आसाभोवती फिरतो, धरणाच्या दरवाजासारखाच. तिथे कमान वरदान होती, इथे तीच डोकेदुखी. ४० सेंमी लांबीचा हात आडव्यापासून ५० अंश वर गेला तर त्याचं टोक ३० सेंमी वर चढतं, पण त्याच वेळी १४ सेंमी मागेही सरकतं. गाडी तर जागची हलत नाही. मग हलतो जॅक. आपल्या लोखंडी चाकांवर तो गुपचूप गाडीखाली आत जातो. एकदा गुडघ्यावर बसून नीट पाहा, दांडा हलवता हलवता जॅकची मागची चाकं बोट बोट पुढे सरकताना दिसतील. आता कल्पना करा, खाली माती आहे किंवा पेव्हर ब्लॉकच्या खाचेत चाक अडकलं आहे. जॅक सरकू शकत नाही, तेव्हा तो गाडीला ओढतो, नाहीतर त्याची वाटी गाडीच्या कडेवरून निसटते. ट्रॉली जॅक कडक, सपाट जागेवरच चालवायचा तो या १४ सेंटिमीटरांसाठी.

जमिनीचं म्हणाल तर पैठण परिसराची काळी माती हा स्वतंत्र विषय आहे. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे थर पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसून तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल्या रानात मोटारीचं चाक रुततं हे इथल्या लहान मुलालाही माहीत आहे. त्या चाकाचा जमिनीवरचा दाब टायरमधल्या हवेएवढाच असतो, दर चौरस सेंटिमीटरला दोन-सव्वादोन किलो. बाटली जॅकचा पाया १० बाय १० सेंमीचा असला आणि वर ४५० किलो असले, तर दाब होतो साडेचार किलो. दुप्पट. जिथे टायर रुततो तिथे जॅक रुतणारच, आणि तो सरळ रुतत नाही, कलतो. खाली फूट बाय फूट जाड प्लायवूड टाकलं की दाब अर्ध्या किलोवर येतो. तरी ओल्या काळ्या मातीचा भरवसा धरू नये, काँक्रीट गाठावं. अंगणातल्या शहाबादी फरशीचाही भरवसा नाही, खाली पोकळी असेल तर ती कडकन दुभंगते. मे महिन्यात डांबरी रस्ताही मऊ पडतो आणि स्टँडचे पाय त्यात खुपसतात, तिथेही तीच फळी.

गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, गिअर टाकला; झालं ना? नाही झालं. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. मागची चाकं उचललीत की तो हवेत धरतो, म्हणजे कशालाच नाही. गिअरचं तर आणखी नवल. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत दोन्ही पुढच्या चाकांच्या मधे डिफरन्शियल असतं, वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरावं म्हणून. गिअरमुळे त्याची पेटी अडते, पण एक चाक पुढे आणि दुसरं तितकंच मागे फिरायला मोकळं असतं. म्हणून पुढचं एक चाक उचललं की दुसरं, जमिनीवरचं, खुशाल गडगडू शकतं आणि हवेतलं उलटं फिरत राहतं. गिअर टाकलेला असूनही. तेव्हा जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून उटी लावायचीच. एस.टी.चा किंवा ट्रकचा माणूस चढावर लाकडी उटी लावल्याशिवाय गाडीपासून हलत नाही, त्याच्याकडून एवढं घ्यावं. गोल दगड उटी होत नाही, चाक त्यावरून जातं.

चाक काढायचं असेल तर नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून ठेवा. वर घेतल्यावर पान्यावर जोर काढलात तर तो जोर गाडीला आडवा ढकलतो, आणि आडवा धक्का कुठलाच जॅक सोसत नाही.

जॅक लावायची जागा ठरलेली असते. दाराखालच्या कडेला दोन पत्रे एकत्र जोडलेली उभी शिवण असते, तिच्यावर पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे खाचा किंवा खुणा असतात. तिथे आत जास्तीचा पत्रा घातलेला असतो. त्याच्या वीतभर अलीकडे-पलीकडे लावलात तर पत्रा दबतो, चेंबरला लावलात तर ऑइल खाली येतं, सायलेन्सरला लावायचा विचारही नको. ट्रॉली जॅकची सपाट वाटी शिवणीला चेपते, म्हणून मधे चीर दिलेला जाड रबराचा तुकडा ठेवतात. जुन्या टायरचा चालतो. विजेच्या गाड्यांत पोटाखाली सगळी बॅटरीच असते. पैठण तालुक्यातल्या बिडकीनला विजेच्या वाहनांचे कारखाने येऊ घातले आहेत, तेव्हा पुढच्या काळात हे इथल्या गॅरेजवाल्यांना रोजचंच होईल. त्या गाडीला कंपनीनं दाखवलेल्या बिंदूंखेरीज कुठेही जॅक लावायचा नाही.

इथे एक पेच येतो. जागा एक, आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोन, जॅक आणि स्टँड. गाडीच्या पुस्तिकेत बहुधा पुढच्या मधल्या मजबूत आडव्या तुळईचा बिंदू दिलेला असतो. जॅक तिथे लावून दोन्ही बाजू एकदम उचलायच्या आणि स्टँड बाजूच्या खुणांखाली ठेवायचे. बुटक्या गाडीत ही तुळई बंपरपासून इतकी आत असते की आखूड जॅकचा दांडा बंपरखाली अडकतो. लांब हाताचा, ८-९ सेंमी उंचीचा जॅक अशाच गाड्यांसाठी बनवतात.

गाडी वर जाताना एकदा चाकाकडे बघा. अंग वर चढतं आणि चाक मात्र बराच वेळ जमिनीला चिकटून राहतं. स्प्रिंग दबलेली होती, ती आधी सुटते आणि चाकाला खाली ढकलत राहते. आखूड स्प्रिंगच्या गाडीचं चाक मात्र लवकर सुटतं. आणि स्प्रिंग कापलेली असेल तर गाडी हवेत असताना ती आपल्या बैठकीतून सुटून तिरकी होऊ शकते. खाली घेताना ती परत जागेवर बसली का, हे बघितल्याशिवाय चाकावर भार टाकू नका.

स्टँडऐवजी विटा रचणारे पुष्कळ आहेत. वीट दाबाला मजबूत असते यात खोटं नाही, पण ती फुटते ती सूचना न देता. लाकूड करकरतं, पोलाद वाकतं, विटेचा एकदम भुगा होतो. पोकळ सिमेंट ब्लॉक तर त्याहून वाईट. स्टँडवर गाडी टेकली की दोन्ही हातांनी बाजूनं जोरात हलवा. डुलली तर आत्ताच डुलू दे, तुम्ही खाली असताना नको. मग काढलेलं चाक दाराखालच्या कडेखाली आडवं सरकवा. आडव्या चाकाची जाडी १७ ते २० सेंमी, स्टेपनी असेल तर तीही. सगळं फसलं तरी गाडी चाकावर येऊन थांबेल.

काम झाल्यावर उतरवताना बुटकी गाडी शेवटचा डाव टाकते. सुरुवातीला चाकांखाली असलेल्या फळ्या मधे कुणी बाजूला काढून ठेवल्या, तर गाडी खाली येते ती थेट जॅकवरच बसते, आणि आत पाचर होऊन बसलेला जॅक काही केल्या निघत नाही. म्हणून आधी फळ्या जागेवर, मग स्टँड बाहेर, मग स्क्रू हळूहळू सैल, आणि खाली कुणाचा हात-पाय किंवा अंगणातलं मांजर नाही हे वाकून बघून. नट समोरासमोरच्या क्रमानं आवळायचे, आणि शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर.

घरी ऑइल बदलायचं किंवा ब्रेक लायनर बघायचं मनात असेल तर पाने-पकडी नंतर आणा, आधी स्टँडची जोडी आणा. दुकानदार किती टनाचा हवा एवढंच विचारील. तुम्ही त्याला तो सर्वांत खाली किती उंचीला बसतो हेही विचारा. बुटक्या गाडीला फार उंच स्टँड चालत नाही, तुमच्या जॅकवर ती जेवढी चढते त्याहून तो खाली बसला पाहिजे.